सिंहस्थापूर्वी बोलण्याचीही तयारी व्हावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ध्वजारोहणाची ३१ ऑक्टोबर २०२६ आणि पहिल्या अमृतस्नानाची २ ऑगस्ट २०२७ ही तारीख जाहीर झाल्यापासून घाट, पूल, बाह्यवळण रस्ते, वाहनतळ आणि साधुग्राम यांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहून येत आहे, आणि ते यायलाच हवे. मात्र त्या अफाट गर्दीशी बोलायचे कोणी, कोणत्या शब्दांत, कोणत्या भाषेत आणि किती वेळा, याचा विचार कोणी करीत असल्याचे निदान माझ्या तरी वाचनात आलेले नाही. ध्वनिक्षेपक किती बसवायचे याची निविदा निघते. त्यांतून काय ऐकू येणार, हे मात्र ऐनवेळी ज्याच्या हाती माईक पडेल त्याच्यावर सोपवले जाते. वाहतूक नियंत्रक म्हणून माझी बहुतेक नोकरी बसस्थानकावरच्या माईकसमोर गेली आणि २००३ व २०१५ या दोन्ही सिंहस्थांत मी जादा वाहतुकीच्या कामावर होतो. त्या अनुभवाच्या आधारावर चार शब्द लिहितो. ते छापावेत ही विनंती.

आपल्याकडे सूचना देणे म्हणजे लिहिलेला कागद मोठ्याने वाचणे, असा एक समज रूढ आहे. ‘सर्व संबंधित प्रवाशांना याद्वारे सूचित करण्यात येते की, अपरिहार्य कारणास्तव सायंकाळी पाच वाजून तीस मिनिटांनी सुटणारी नाशिक-सटाणा ही बस फलाट क्रमांक सातऐवजी फलाट क्रमांक तीनवरून सुटेल’ हे वाक्य कागदावर निर्दोष आहे. पण गाठोड्यावर बसलेल्या, कडेवर नातू असलेल्या आजीबाईंच्या कानावर ‘सटाणा’ हा शब्द पडेपर्यंत अर्धे वाक्य निघून गेलेले असते, आणि पुढच्या अर्ध्यात दोन फलाट आल्यामुळे सातवर जायचे की तीनवर, हा नवाच घोळ उभा राहतो. कागदावरचे वाक्य नजर मागे नेऊन पुन्हा वाचता येते. कानाला ती सोय नाही. म्हणून जुने नियंत्रक हेच असे सांगत: ‘सटाणा, सटाणा. साडेपाचची सटाणा गाडी. फलाट तीन. सटाण्याला जाणाऱ्यांनी फलाट तीनवर या.’ आधी गावाचे नाव, म्हणजे ज्याचा संबंध आहे त्याचे कान टवकारतात आणि बाकीचे आपापल्या गप्पांत राहतात; मग वेळ; मग जागा; आणि शेवटी काय करायचे ते. फलाट सातचा उल्लेखच नाही, कारण जिथे जायचे नाही ती जागा कानात राहून उपयोग नसतो. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात धड क्रियापदही नाही, परंतु गाडी वेळेवर भरते.

असे बोलणे म्हणजे अशुद्ध किंवा कमी दर्जाचे बोलणे आहे, असे मानणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की हाच नियंत्रक चौकशी खिडकीवर आलेल्या माणसाशी याच पद्धतीने बोलू लागला तर तो उद्धट ठरेल. खिडकीवर समोरचा माणूस दिसतो, त्याचा प्रश्न ऐकता येतो, त्याला कळले की नाही हे चेहऱ्यावरून समजते, आणि म्हणून तिथे वाक्य पुरे करता येते, ‘बाबा, इथेच बसा, मी हाक मारतो’ असेही म्हणता येते. माईकवरून बोलताना समोर कोणीच नसते आणि सगळेच असतात. विभागीय कार्यालयाच्या बैठकीत तोच माणूस ‘साहेब, सदर फेरी रद्द करावी लागली’ असे म्हणतो, आणि डेपोत आल्यावर चालकाला ‘अरे, ती गाडी आज निघत नाही, तू पुढची घेऊन जा’ असे सांगतो. एका तासात चार प्रकारे बोलणारा हा माणूस कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नसतो. तो ऐकून आणि चुकत-माकत शिकतो, आणि निवृत्त झाला की त्याचे शिकलेले त्याच्याबरोबर घरी जाते.

ओरडून बोलले की अधिक नीट ऐकू जाते, या एका चुकीच्या समजुतीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे. गोंगाट वाढला की माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये या गोष्टीकडे लक्ष वेधले आणि तिला आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. गोंगाटात आपण नुसते मोठ्याने बोलत नाही. आवाजाची पट्टी वर जाते आणि स्वर लांबतात. समोरासमोर बोलताना याचा फायदा होतो. माईक हाती असताना मात्र ही सवय घात करते, कारण आवाज मोठा करण्याचे काम यंत्र करीत असते आणि ओरडणाऱ्याचे शब्द भोंग्यातून फाटून बाहेर पडतात. त्यात जुन्या नाशिकच्या वाड्यांच्या भिंती, दगडी घाट आणि समोरासमोर टांगलेले भोंगे यांमुळे एकाच शब्दाचे दोन-तीन प्रतिध्वनी एकमेकांवर आदळतात. अशा ठिकाणी सावकाश, खालच्या पट्टीत, दोन शब्दसमूहांमध्ये स्पष्ट थांबा घेऊन बोलावे लागते. हे एका दुपारच्या सरावात येते. पण सराव घ्यावा लागतो. शिवाय ओरडण्याचा आणखी एक परिणाम असा की ऐकणाऱ्याला शब्द कळले नाहीत तरी घबराट मात्र कळते.

२०१५ च्या एका पर्वणीला जादा वाहतुकीच्या तात्पुरत्या स्थानकावर एक वयस्कर बाई नवऱ्यापासून चुकल्या. गणवेशातल्या तिघांनी त्यांना एकामागून एक एकच प्रश्न विचारला, ‘यजमानांचे नाव काय?’, आणि प्रत्येक वेळी आवाज अधिक चढा झाला. बाई गप्प. कोणाला वाटले ऐकू येत नाही, कोणाला वाटले घाबरल्या आहेत. तिथे कामावर असलेल्या आमच्या एका महिला वाहकाच्या ध्यानात खरी गोष्ट आली. तिने गर्दी बाजूला केली, बाईंच्या शेजारी पायरीवर बसली, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाली, ‘मावशी, इथं आपण दोघीच आहोत. आमच्यासाठी नाव घ्या की एकदा.’ बाईंनी पदर तोंडाशी धरला, किंचित हसल्या आणि भरल्या डोळ्यांनी उखाणा घेतला. उखाण्यात नाव आले, पुढच्या प्रश्नात गाव आले, आणि आम्ही नाव-गाव पुकारल्यावर थोड्याच वेळात म्हातारबाबा काठी टेकीत खिडकीशी हजर झाले. नवऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, हा त्या बाईंचा आयुष्यभराचा रिवाज होता. त्याच रिवाजाने उखाण्याची वाटही मोकळी ठेवली होती. अर्ज भरून घेणाऱ्याच्या सुरात विचारलेला प्रश्न त्या वाटेने जाणे शक्यच नव्हते. ‘हरवले-सापडले’ कक्षात बसवल्या जाणाऱ्या स्वयंसेवकांना संगणक कसा चालवायचा हे शिकवले जाईल याची मला खात्री आहे. असे विचारणे कसे असते, हे कोण शिकवणार आहे?

बोलणे कामाप्रमाणे किती बदलते याचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर लासलगावला जावे. देशातील कांद्याची प्रमुख बाजारपेठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या आवारात ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापारी आणि बाजार समितीचे कर्मचारी चालत जातात, वरचा माल खाली करून पाहिला जातो, आणि क्विंटलचा भाव एका लयीत पुकारला जातो. तिथे वाक्य नसते, फक्त आकडा असतो; कोणी विशेषण लावत नाही, कोणी कारण देत नाही, आणि बघता बघता एका कुटुंबाच्या चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल लागून सौदापट्टी हातात पडते. इतके तोकडे बोलणे चालते, कारण ते दहा जणांसमक्ष मोठ्याने होते. पूर्वी अनेक बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत होती. तीत व्यापारी आणि अडत्या यांचे काय ठरले हे माल पिकवणाऱ्यालाच कळत नसे, म्हणून उघड लिलावाचा आग्रह धरला गेला. मात्र तोच माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर ओतल्यावर त्यात खराब कांदा निघाला आणि वांधा पडला, की भाषा पूर्ण पालटते. तिथे ‘काका’, ‘भाऊ’, ‘तुमचाच माल आहे’, ‘बघा तुम्हीच’ असे लांबलचक, समजुतीचे बोलणे सुरू होते, आणि प्रकरण वांधा समितीपुढे गेले तर पुन्हा तिसऱ्या, साक्षी-पुराव्याच्या बोलण्याची पाळी येते. लिलावात समजूत घालत बसणारा आणि खळ्यावर नुसते आकडे फेकणारा, दोघेही धंद्यात टिकत नाहीत.

जिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते, तिथे तर बोलणे अक्षरशः नियमांनी बांधून घेतलेले असते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटाच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो जेट विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. अपघाताला अनेक कारणे होती, पण त्यांत रेडिओवरचे संदिग्ध बोलणे हे एक ठळक कारण होते. एका वैमानिकाच्या वाक्याचा अर्थ ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असाही होत होता आणि ‘आम्ही उड्डाण करीत आहोत’ असाही. नियंत्रकाने त्यावर ‘ओके’ म्हटले, आणि त्याचे पुढचे शब्द त्याच क्षणी दुसऱ्या विमानातून आलेल्या संदेशामुळे नीट ऐकू गेले नाहीत. त्यानंतर हवाई वाहतुकीतील शब्दप्रयोग अधिक काटेकोर झाले: उड्डाणाचा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि मिळालेली परवानगी नुसते ‘ठीक’ म्हणून न सोडता शब्दशः परत बोलून दाखवायची. आपल्या ओझरच्या विमानतळावरही याच आंतरराष्ट्रीय शिस्तीने बोलले जाते. सिंहस्थातील वायरलेस संचांवर मात्र ‘हो हो, बघतो’, ‘सोडा तिकडून’ असे बोलणे मी या कानांनी ऐकलेले आहे. ‘तिकडून’ म्हणजे कोठून, आणि ‘सोडा’ म्हणजे गर्दी पुढे सोडा की तो मार्ग सोडून द्या?

आता भाषेविषयी. आपला जिल्हा एका मराठीचा नाही. मालेगाव, बागलाण, कळवण, देवळा या पट्ट्यात अहिराणी बोलली जाते, सुरगाणा-पेठेकडे कोकणा बोली आहे, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत हिंदीशिवाय पाळी बदलत नाही. सटाण्याच्या फलाटावर अहिराणीत दोन वाक्ये बोलली की माणसे लगेच उठून येतात, हा माझा नेहमीचा अनुभव. आणि ‘माईकवरून प्रमाण मराठीच बोलावे’ अशी तक्रार करणारे सुशिक्षित प्रवासी भेटणे, हाही नेहमीचाच. ही तक्रार मला पटत नाही. पण याच्या उलट टोकाचा एक दोष आहे आणि तो अधिक लागतो. ज्याला अहिराणी येत नाही तो केवळ समोरच्यासारखे बोलायचे म्हणून तिची नक्कल करतो, तेव्हा ती थट्टा वाटते. वृद्धांशी बोलताना लहान मुलाशी बोलावे तसे लाडे लाडे किंवा विनाकारण ओरडून बोलणे, परप्रांतीयाशी मुद्दाम मोडकी हिंदी बोलणे, हेही त्याच जातीचे. समोरच्याच्या बोलण्याकडे आपण किती सरकतो याचा अभ्यास हॉवर्ड जाइल्स या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून केला, आणि सरकणे प्रमाणाबाहेर गेले की तेच खटकते, हेही त्या अभ्यासातून पुढे आले. माझ्या मते साधी मराठी किंवा साधी हिंदी, थोडी सावकाश आणि नात्याच्या संबोधनासह, एवढे बहुतेक ठिकाणी पुरते.

संबोधनाचाही प्रश्न नाजूकच आहे. वर्दीतल्या तरुणाने वयस्कर शेतकऱ्याला ‘ए, चल मागे हो’ म्हणणे आपण इतके सहन करीत आलो आहोत की त्यात काही वावगे आहे असेही वाटेनासे झाले आहे. ‘बाबा, मागे सरा’ म्हणायला वेळ तेवढाच लागतो, आणि माणूस खरोखर मागे सरतो. आपल्या शहरात पोलीस अकादमी आहे. तिथल्या प्रशिक्षणार्थींना पर्वणीच्या बंदोबस्तावर पाठवण्याआधी या एका गोष्टीचा पाठ द्यायला हरकत नसावी.

माणूस पाहून बोलणे म्हणजे दुटप्पीपणा, असा आक्षेप कोणी घेईल. दुटप्पीपणा मजकूर बदलण्यात आहे. एकाला गाडी पाचला सांगायची आणि दुसऱ्याला सहाला, हा झाला दुटप्पीपणा. गाडी साडेपाचचीच ठेवून आजींना एका रीतीने आणि साहेबांना दुसऱ्या रीतीने सांगण्यात मला तरी काही खोटेपणा दिसत नाही.

वैद्यकीय क्षेत्राने ही गरज मान्य केली आहे, याचा उल्लेख करायला हवा. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्ये आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग सक्तीचा झाला आहे, आणि महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारे आरोग्य विज्ञान विद्यापीठ तर १९९८ पासून नाशिकमध्येच आहे. औषध कसे घ्यायचे हे सांगून झाल्यावर ‘कळले ना?’ असे न विचारता ‘घरी गेल्यावर सुनेला कसे सांगाल, ते मला सांगा पाहू’ असे विचारणारा डॉक्टर मी पाहिला आहे. ‘कळले ना?’ याला आपल्याकडे एकच उत्तर असते, आणि ते मान डोलावून दिले जाते.

शाळांची स्थिती मात्र निराशाजनक आहे. बोलणे शिकवायचे म्हणजे वक्तृत्व स्पर्धा घ्यायची, एवढीच आपली धाव. ‘आदरणीय व्यासपीठ, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ असे मुठी आवळून म्हणणारे, दुसऱ्याने लिहून दिलेले भाषण एका दमात संपवणारे मूल टाळ्या घेते. घरात आजोबा चक्कर येऊन पडले आणि त्याच मुलाला १०८ क्रमांकावर फोन करावा लागला, तर आधी पत्ता सांगायचा असतो हे त्याला ठाऊक नसते. राज्यात २०१४ पासून सुरू असलेल्या त्या सेवेला फोन लावल्यावर ‘लवकर या हो, आमचे आजोबा’ एवढे बोलून फोन तुटला तर रुग्णवाहिका जाणार कोठे? ‘पंचवटी, निमाणी बसस्थानकासमोर, पहिला मजला’ असे आधी सांगितले तर पुढचे बोलणे अर्धवट राहिले तरी गाडी निघू शकते. व्याख्यानांना माझा विरोध नाही. गोदाघाटावरची वसंत व्याख्यानमाला हे या शहराचे भूषण आहे आणि ती ऐकत मी लहानाचा मोठा झालो. पण व्याख्यान हा बोलण्याचा एक प्रकार आहे, आणि बहुतेकांना तो आयुष्यात फारसा लागत नाही.

दहावीच्या भाषा विषयांची वीस गुणांची तोंडी परीक्षा राज्य मंडळाने २०१८-१९ मध्ये बंद केली, २०१९ चा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षापासून ते गुण परत आले. त्या सगळ्या वादात चर्चा झाली ती गुणांची. तोंडी परीक्षेत तपासायचे काय, हे कोणी विचारले नाही. माझी सूचना अशी आहे की विद्यार्थ्याला एकच साधी माहिती द्यावी, समजा उद्याची सहल पावसामुळे पुढे ढकलली आहे, आणि ती त्याने तीन माणसांना सांगावी: फोनवर कमी ऐकू येणाऱ्या आजीला, बस ठरवलेल्या आगाराच्या व्यवस्थापकाला, आणि मैदानावर गोंगाट करणाऱ्या सातवीच्या वर्गाला. तिघांना सांगताना मजकूर तोच राहिला का, आणि सांगण्याची रीत बदलली का, एवढेच परीक्षकाने पाहावे. पाठांतराने हे गुण मिळवता येणार नाहीत, आणि सरसकट देताही येणार नाहीत.

पुन्हा सिंहस्थाकडे येतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी पंचवटीतील सरदार चौकाजवळ झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेची कारणे अनेक होती आणि ती केवळ सूचना नीट न दिल्यामुळे घडली असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु अशा गर्दीत जे थोडके शब्द कानावर पडतात ते कोणते असावेत, हे आधीच ठरलेले असावे. ‘धावू नका’ यातले ‘धावू’ आधी ऐकू येते. त्याऐवजी ‘हळू चाला’ म्हणावे. ‘गाडगे महाराज पुलाकडून जावे’ हे बुंदेलखंडातून आलेल्या माणसाला निरर्थक आहे. ‘नदी डाव्या हाताला ठेवून चालत राहा’ हे त्याला कळते. ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द तर माईकवरून उच्चारूच नये, ‘चेंगराचेंगरी झालेली नाही’ असे सांगण्यासाठीसुद्धा नाही. थांबवायचे असेल तर किती वेळ आणि कशासाठी, हे सांगितले की माणसे थांबतात. नुसते ‘थांबा’ म्हटले की मागचा पुढच्याला ढकलतो.

म्हणून नाशिक-त्र्यंबकेश्वर कुंभमेळा प्राधिकरणाला विनंती आहे की, नेहमी लागणाऱ्या सूचनांचे मराठी व हिंदी मसुदे, आणि गुजराती, तेलुगू, कन्नड या भाषांतील थोडेसे, कार्यालयात बसून लिहवून न घेता बसस्थानकांवरचे नियंत्रक, रेल्वेचे उद्घोषक, वाहक, घाटावरचे पुरोहित आणि नावाडी यांना बरोबर घेऊन बोलून तयार करावेत. ते ध्वनिमुद्रित करून एखाद्या बुधवारी गोदाकाठचा बाजार भरलेला असताना, त्याच भोंग्यांवरून, त्याच गोंगाटात वाजवावेत. त्यानंतर भाजीच्या पाट्यांमधून फिरून दहा-वीस जणांना विचारावे, ‘आत्ता काय सांगितले आणि तुम्ही कोणीकडे जाल?’ ज्या सूचनेला निम्म्या माणसांनी चुकीची दिशा दाखवली ती पुन्हा करावी, आणि पुढच्या बुधवारी पुन्हा वाजवावी. या कामासाठी निवृत्त नियंत्रकांपैकी आम्ही काही जण विनामोबदला यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
इंदिरानगर, नाशिक